थेंब सगळ्यात शेवटी

जड वाहनं चालवायला शिकणाऱ्यांसाठी आम्ही एक सिम्युलेटर बनवत होतो. त्यातला पाऊस माझ्याकडे होता. तीन आठवडे खपून मी तो उभा केला: लाखभर थेंब, प्रत्येकाचा वेग वेगळा, वारा वाढला की तिरके होणारे. चाचणीला तीसेक वर्षं ट्रक चालवलेले एक काका आले. दोन मिनिटं त्यांनी गाडी चालवली, मग स्टिअरिंगवरचे हात काढले आणि म्हणाले, "ताई, पाऊस हवेत पडतोय, पण रस्त्यावर पोचत नाहीये."

मी स्क्रीनकडे पाहिलं. रस्ता ठणठणीत कोरडा. झाडांच्या सावल्या भर दुपारच्या, काठ कापल्यासारखे. दूरचा डोंगर लख्ख. आणि या सगळ्यावर माझे लाखभर थेंब कोसळत होते. काकांनी थेंबांकडे पाहिलंच नव्हतं. चालवणारा माणूस रस्ता बघतो.

तेव्हापासून माझा कामाचा क्रम उलटा झाला. आधी उजेड, मग हवेतला धूसरपणा, मग जमीन, मग वारा आणि थेंब सगळ्यात शेवटी. पुढे जे लिहिलंय ते याच क्रमाने आहे. गेम इंजिन, म्हणजे अशी दृश्यं उभी करायचं सॉफ्टवेअर, कुठलंही असो, युनिटी, अनरियल किंवा गोडो, फरक फक्त बटणांच्या नावांत पडतो.

आधी एक पाटी लावा

कुठलाही शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) उघडण्याआधी हवामानाची एक मध्यवर्ती पाटी तयार करा. माझ्या पाटीवर मोजके आकडे असतात: ढगांनी किती आकाश व्यापलंय, पाऊस ताशी किती मिलिमीटर, वाऱ्याचा वेग आणि दिशा, दृश्यता किती मीटर, तापमान. शिवाय तीन आकडे असे, की ज्यांना आठवण असते: पृष्ठभागांचा ओलावा, खळग्यांत साचलेलं पाणी आणि बर्फाचा थर.

नियम एवढाच, की पाटीवर लिहिणारा एक आणि वाचणारे सगळे. झाडं, झेंडे, ढग, रस्ता, आवाज, सगळ्यांनी आकडे इथूनच घ्यायचे. अनरियलमध्ये यासाठी मटेरियल पॅरामीटर कलेक्शन आहे, गोडोमध्ये ग्लोबल युनिफॉर्म, युनिटीत ग्लोबल शेडर प्रॉपर्टी. हे केलं नाही तर काय होतं ते मी भोगलंय: पाऊस थांबला, ऊन पडलं, आणि एका कोपऱ्यातलं झाड अजून वादळात झोडपतंय, कारण त्याचा वारा कुणीतरी वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवला होता.

आठवण असलेल्या आकड्यांबद्दल थोडं सांगते. पाऊस थांबला म्हणून रस्ता लगेच कोरडा होत नाही. ओलावा झपाट्याने चढतो आणि रेंगाळत उतरतो. मी जोरदार पावसात तो पाऊण मिनिटात शून्याहून एकावर नेते आणि उतरायला पंधरा-वीस मिनिटं देते. ऊन आणि वारा असेल तर थोडं लवकर. साचलेलं पाणी त्याहून सावकाश. हे काही शास्त्रीय आकडे नव्हेत, डोळ्यांना पटेपर्यंत फिरवलेली बटणं आहेत.

उजेड

निरभ्र दुपारी जमिनीवर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. दाट ढगाळ दिवशी तो दहा हजारांच्या आसपास येतो, काळंकुट्ट भरून आलं तर त्याहूनही पुष्कळ खाली. म्हणजे फरक दहापटींचा. पण निव्वळ उजेड कमी करून ढगाळ दिवस होत नाही, संध्याकाळ होते. खरा बदल असा, की सूर्य हा एकच एक दिवा राहत नाही, अख्खं आकाश दिवा होतं. म्हणून सूर्याचा थेट प्रकाश (डिरेक्शनल लाइट) जवळजवळ विझवा आणि आकाशाच्या प्रकाशाचा वाटा वाढवा. सावल्या पुसल्या जातील. उरेल तो फक्त गाडीखालचा, बाकाखालचा, भिंतीच्या पायथ्याचा मऊ काळोख. तो ॲम्बियंट ऑक्लूजनमधून, म्हणजे खाचाकोपऱ्यांत आकाशाचा उजेड कमी पोचतो त्या हिशेबातून, येतो आणि ढगाळ दिवशी वस्तू जमिनीला टेकलेल्या वाटतात त्या त्याच्याच जोरावर.

एक गोष्ट मला बरीच उशिरा कळली. पूर्ण झाकोळलेलं आकाश सगळीकडे सारखं उजळ नसतं. डोक्यावर ते क्षितिजाच्या जवळजवळ तिप्पट तेजस्वी असतं. मून आणि स्पेन्सर यांनी १९४२ मध्ये याचं सूत्र मांडलं आणि इमारतींतल्या नैसर्गिक उजेडाच्या हिशेबात ते अजून वापरलं जातं. आपल्यापैकी बहुतेक जण मात्र निरभ्र आकाशाच्या सवयीने क्षितिज उजळ आणि माथा गडद ठेवतात. ते उलटं करून पाहा.

कॅमेऱ्याचं ऑटो एक्स्पोजर इथे घात करतं. त्याला मोकाट सोडलं तर तुम्ही कमी केलेला सगळा उजेड ते भरून काढतं आणि ढगाळ दिवस उन्हाइतकाच उजळ दिसतो. पूर्ण बंद केलं तर सगळं मातकट. मी त्याला सुमारे दोन-तृतीयांश भरपाई करू देते आणि बाकीचा अंधार ठेवते.

धुकं मोजून घाला

धुक्याची घनता अंदाजाने फिरवत बसू नका. दृश्यता मीटरमध्ये ठरवा आणि ३.९१२ ला तिने भागा. येईल तो क्षीणनाचा गुणांक, म्हणजे दर मीटरला उजेड किती घटतो तो आकडा. कोश्मीडर या जर्मन शास्त्रज्ञाने १९२४ मध्ये दिलेला हा संबंध आहे: दृश्यतेच्या अंतरावर काळ्या वस्तूचा पार्श्वभूमीशी असलेला फरक दोन टक्क्यांवर येतो, आणि त्यापलीकडे डोळा हात टेकतो. २०० मीटर दृश्यतेसाठी गुणांक ०.०१९६, एक किलोमीटरसाठी ०.००३९, दहा किलोमीटरसाठी ०.०००३९. हवामानशास्त्रात एक किलोमीटरपेक्षा कमी दृश्यता असेल तरच त्याला धुकं म्हणतात.

हा गुणांक साध्या घातांकी धुक्यात टाकायचा. युनिटीत वर्गाचं घातांकी (एक्स्पोनेन्शियल स्क्वेअर्ड) धुकंही मिळतं. ते निवडलं तर हिशेब चुकतो. सुरुवात आणि शेवट अशी दोन अंतरं मागणारं रेषीय धुकं तर सोडूनच द्या, त्यात जग भिंतीवर आदळल्यासारखं संपतं. एककही तपासा. अनरियल सेंटिमीटरमध्ये मोजतं, बाकीचे दोघे मीटरमध्ये. माझी पडताळणी अगदी गावठी आहे: दर ५० मीटरवर एक काळा ठोकळा उभा करायचा. २०० मीटर दृश्यता लावली की चौथा ठोकळा जेमतेम जाणवला पाहिजे आणि पाचवा गायब.

धुक्याला ठरावीक करडा रंग देऊ नका. ते आकाशाचाच उजेड विखुरत असतं, त्यामुळे रंग आकाशाकडून घ्यायचा आणि सूर्याच्या दिशेने ते जास्त उजळ करायचं. त्यासाठी हेन्ये-ग्रीनस्टाइन फलन, म्हणजे कुठल्या कोनात किती उजेड विखुरतो ते सांगणारं सूत्र, पुरतं. हे दोघे १९४१ मध्ये ताऱ्यांमधल्या धुळीवर काम करत होते, आपण ते सूत्र गाडीच्या दिव्यांसमोरच्या धुक्याला वापरतो. उंचीबरोबर धुकं विरळ होतं, तेही घातांकी घटीनेच करा.

आणि पावसासाठीही हेच. तीस-चाळीस मीटरपलीकडचे थेंब सुटे दिसतच नाहीत, पडदा दिसतो. म्हणजे दूरचा पाऊस हा धुक्याचाच एक प्रकार. पाऊस वाढला की दृश्यता कमी करा, लांबच्या थेंबांवर एक मिलिसेकंदही खर्च करू नका. माझ्या त्या लाखभर थेंबांपैकी निदान ऐंशी हजार इथेच वाचले.

ढगांबद्दल थोडक्यात

ढगांवर अख्खं पुस्तक होईल, पण तयार साधनं आता इतकी चांगली आहेत की मी यात फार वेळ घालवत नाही. आजचे बहुतेक घनफळी (व्हॉल्यूमेट्रिक) ढग ज्या पद्धतीने होतात ती अँड्र्यू श्नायडर यांनी २०१५ मध्ये संगणक ग्राफिक्सच्या सिग्राफ परिषदेत मांडली: ढगाच्या ढोबळ आकारासाठी १२८ घन आकाराचं पर्लिन-वर्ली नॉइजचं (सूत्राने बनवलेल्या अनियमित डागांचं) त्रिमितीय टेक्श्चर, म्हणजे वस्तूवर चढवायचं चित्र, काठ कुरतडायला ३२ घन आकाराचं आणखी एक, आणि दर फ्रेमला सोळापैकी एकच पिक्सेल नव्याने मोजून बाकीचे मागच्या फ्रेममधून उचलायचे. या शेवटच्या युक्तीशिवाय हे परवडलंच नसतं.

तुमचा कॅमेरा जमिनीवरच राहणार असेल तर मात्र एवढा खटाटोप कशाला? दोन-तीन सपाट थर पुरतात. उरलेली ताकद ढगांच्या सावल्यांवर लावा. सूर्याच्या प्रकाशावर सरकतं नॉइज टेक्श्चर चढवायचं, बस. युनिटीत त्याला लाइट कुकी म्हणतात, अनरियलमध्ये लाइट फंक्शन. खर्च नगण्य. शेतावरून, रस्त्यावरून सावली सरकत गेली की बघणारा आपणहून वर बघतो. ढग जमिनीवरच्या वाऱ्यापेक्षा वेगाने आणि जरा वळलेल्या दिशेने न्या, कारण जमिनीचं घर्षण वर पोचत नाही.

जमीन, म्हणजे काकांचा रस्ता

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

ओली माती काळपट का दिसते? पृष्ठभागावर पाण्याची पातळ फिल्म बसते. आत शिरलेला उजेड परत बाहेर पडताना पाणी आणि हवेच्या सीमेवर काही अंशी पुन्हा आत फेकला जातो. प्रत्येक फेरीत तो थोडा शोषला जातो. सच्छिद्र वस्तूंत छिद्रांतही पाणी भरतं, उजेड खोलवर जातो आणि आणखी हरवतो. म्हणून माती, काँक्रीट, विटा, कापड चांगलेच गडद होतात. काच, धातू, चकाकती फरशी यांचा मूळ रंग जवळजवळ तसाच राहतो, वर फक्त चकाकी येते. सगळ्या मटेरियलना एकच 'ओलं' बटण लावलं की हा फरक मरतो. प्रत्येक मटेरियलला सच्छिद्रतेचा एक आकडा द्या. सेबास्तियन लगार्द यांनी २०१२-१३ मध्ये पावसाळी दृश्यांवर सविस्तर लेखमाला लिहिली होती, माझी पद्धत बरीचशी तिच्यावरच उभी आहे.

ओलाव्याच्या तीन पायऱ्या करा. पहिली दमटपणाची: फक्त रंग गडद होतो. माझ्या काँक्रीटचा मूळ रंग पूर्ण भिजल्यावर मी ०.६ ने गुणते, काचेला हातही लावत नाही. दुसरी फिल्मची: रफनेस, म्हणजे खडबडीतपणाचा आकडा, उतरतो, खडबडीत डांबर ०.८ वरून ०.३ च्या आसपास येतं आणि बारीक खडबड पाण्याखाली झाकली जाऊ लागते. तिसरी डबक्याची: नॉर्मल (पृष्ठभाग कुठल्या दिशेला पाहतो ते सांगणारा बाण) सपाट होतो, रफनेस जवळजवळ शून्य, आणि सरळ वरून पाहिलं तर परावर्तन फक्त दोन टक्के. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे, त्यातून हा आकडा येतो. पण नजर जसजशी तिरपी होत जाते तसं परावर्तन झपाट्याने वाढतं. म्हणून पायाजवळच्या डबक्यात तळ दिसतो आणि लांबच्या डबक्यात आकाश. हे इंजिन आपोआप करतं. तुम्ही फक्त डबक्याला धातू समजून चमक वाढवू नका. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता राग येत नाही.

डबकी कुठे? उंचीच्या नकाशावर. पाटीवरची साचलेल्या पाण्याची पातळी घ्या, जिथे पृष्ठभाग तिच्या खाली तिथे पाणी. पातळी चढत गेली की आधी भेगा भरतात, मग खळगे, मग दोन डबकी एकमेकांना मिळतात. हे मिळणं दिसलं की बघणारे खुश होतात. उभ्या भिंतीवर डबकं होत नाही, तेव्हा नॉर्मल किती वर पाहतोय ते तपासा आणि भिंतींवर ओघळांचं वेगळं टेक्श्चर लावा.

आता छपराखालची जागा. ती भिजली तर सगळंच हास्यास्पद होतं. उपाय सावलीच्या नकाशासारखाच आहे. वरून खाली पाहणारा एक ऑर्थोग्राफिक (दूरचं लहान न दाखवणारा) कॅमेरा ठेवा आणि त्याच्याकडून फक्त खोली, म्हणजे पृष्ठभाग किती खाली आहे ते अंतर, नोंदवून घ्या. मी कॅमेऱ्याभोवतीच्या ६० मीटरच्या चौकोनाला १०२४ गुणिले १०२४ चं टेक्श्चर देते आणि माणूस बराच सरकला की मगच नव्याने काढते. एखादा बिंदू नोंदलेल्या पृष्ठभागाच्या खाली असेल तर तो आडोशाला आहे. कॅमेरा अगदी सरळ खाली न ठेवता पावसाच्या दिशेने कलता ठेवलात तर वारा असताना छपराखालचा पुढचा हातभर भागही भिजतो, अगदी खऱ्यासारखा. काठ थोडा धूसर करा. हाच नकाशा पुढे थेंब कुठे मारायचे आणि शिंतोडे कुठे उडवायचे हे ठरवायलाही कामी येतो. एका दगडात तीन पक्षी.

वाळण्याचा क्रम भरण्याच्या उलट. आधी चकाकी जाते, मग उंच भाग फिके होतात, भेगा आणि खळगे शेवटपर्यंत काळे राहतात. रस्त्यावर चाकांचे पट्टे आधी वाळतात. काकांना दाखवलेल्या दुसऱ्या आवृत्तीत हे पट्टे होते आणि त्यांनी त्यावर बोट ठेवून मान हलवली होती.

रात्रीच्या दृश्यात ओल्या रस्त्यावर दिव्यांचे लांबलचक उभे ओघळ उमटतात. स्क्रीन-स्पेस परावर्तनात, म्हणजे स्क्रीनवर दिसतंय तेवढ्यावरूनच काढलेल्या प्रतिबिंबात, एक खोट आहे: दिवा स्क्रीनच्या बाहेर गेला की त्याचा ओघळही फट्कन गायब. म्हणून मागे रिफ्लेक्शन प्रोब (आजूबाजूचं आधीच टिपून ठेवलेलं चित्र) असू द्या. डबक्यांवरच्या थेंबांच्या वर्तुळांसाठी एक फिरतं नॉर्मल टेक्श्चर वेगवेगळ्या आकारांत आणि वेळांत तीन-चारदा एकावर एक चढवा. पाऊस कमी असेल तेव्हा थर कमी करा. वर्तुळं लहान करून भागत नाही, हलक्या पावसात ती विरळ असतात.

वारा आणि माझी दोन दिवसांची फजिती

वाऱ्यासाठी ब्यूफर्टची मोजपट्टी जवळ ठेवा. फ्रान्सिस ब्यूफर्ट या नौदल अधिकाऱ्याने ती १८०५ मध्ये बनवली. तिची गंमत अशी, की वारा दिसण्यावरून मोजला जातो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. दोन अंकाला, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन-तीन मीटरला, पानं सळसळतात. चारला, सहा-सात मीटरला, धूळ आणि कागद उडतात, बारीक फांद्या हलतात. आठला डहाळ्या मोडतात. बाराला, ३२.७ मीटरच्या वर, चक्रीवादळ. झाडांचं ॲनिमेशन याच पायऱ्यांवर बसवा. साइन लाटेवर डोलणारं झाड पंख्यासमोर ठेवल्यासारखं दिसतं. त्याऐवजी सरकता नॉइज वापरा, म्हणजे झोत एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना दिसतो.

आता फजिती. एका कामात आम्हाला प्रत्यक्ष हवामानाचा डेटा जोडायचा होता. विमानतळांचे मेटार, म्हणजे नेहमीचे हवामानाचे अहवाल, दर तासाला किंवा अर्ध्या तासाला येतात, वाचायला सोपे असतात. मी जोडले. पाऊस, ढग, सगळं बरोबर, पण झेंडे उलटे. दोन दिवस मी क्वाटर्नियन, म्हणजे वस्तू फिरवायचं गणित, तपासत बसले. कारण शाळेतलं होतं: हवामानात वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती दिशा. २७० अंश म्हणजे पश्चिमेकडून येणारा, म्हणजे पूर्वेला जाणारा वारा. १८० अंश मिळवा आणि सुटा. वेग नॉटमध्ये असतो, ०.५१४ ने गुणलं की मीटर प्रति सेकंद. दृश्यता ९९९९ आली तर तो आकडा मीटरमध्ये घेऊ नका, त्याचा अर्थ दहा किलोमीटर किंवा जास्त. ढगांचं प्रमाण अष्टमांशांत येतं: 'फ्यू' म्हणजे एक-दोन, 'स्कॅटर्ड' तीन-चार, 'ब्रोकन' पाच ते सात, 'ओव्हरकास्ट' पूर्ण आठ.

नवा अहवाल आला म्हणून आकाश एकदम बदलू नका. दहा मिनिटांत हळूहळू सरकवा. नेट गेलं तर शेवटचा अहवाल धरून ठेवा. आकडे शून्यावर पडले तर भर वादळात कोरडं ठक्क ऊन पडेल.

आता थेंब

इतकं झाल्यावर थेंबांसाठी फार कष्ट लागत नाहीत. वेग थेंबाच्या आकारावर अवलंबून असतो: अर्ध्या मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे २ मीटर, एक मिलिमीटरचा ४, दोनचा साडेसहा, पाचचा ९. अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं सगळं म्हणजे भुरभुर, ती पडते कमी आणि तरंगते जास्त. पावसाचा जोर वाढला की थेंबांची संख्या वाढते तशी मोठ्या थेंबांची टक्केवारीही वाढते. मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये हे वाटप मांडलं. म्हणजे मुसळधार पाऊस हा भुरभुरीची दाट आवृत्ती नव्हे, तो वेगानेही पडतो.

रेघ किती लांब? वेग गुणिले शटरचा वेळ. दोन मिलिमीटरचा थेंब एक-साठांश सेकंदात ११ सेंटिमीटर पडतो. मीटरभर लांब दोऱ्या काढल्या की पाऊस शॉवरसारखा दिसतो. कोन असाच निघतो: वारा आणि पडण्याचा वेग सारखे झाले की ४५ अंश. वाहन चालत असेल तर थेंबाच्या वेगातून कॅमेऱ्याचा वेग वजा करा, म्हणजे रेघा समोरून काचेवर येतील. सिम्युलेटरमध्ये ही एक वजाबाकी विसरलात तर बाकी सगळं वाया.

थेंब पांढरा रंगवू नका. थेंब म्हणजे एक इवलंसं भिंग. क्षितिज गर्ग आणि श्री नायर यांनी त्याचा अभ्यास करून दाखवलं, की त्यात जवळजवळ १६५ अंशांचं दृश्य उलटं सामावलेलं असतं. त्यामुळे उजळ आकाशासमोर तो दिसत नाही, गडद झाडीसमोर उठून दिसतो, दिव्यासमोर चमकतो. आकाशाचा धूसर नकाशा वापरून त्याला रंग द्या आणि अपारदर्शकता (ओपॅसिटी) अशी ठेवा की थेंब जेमतेम जाणवेल. मी १० टक्क्यांच्या वर क्वचित जाते. आणि कुठे थेंब जवळून दाखवायची वेळ आलीच तर अश्रूचा टोकदार आकार काढू नका. लहान थेंब गोल असतो, मोठा खालून चपटा.

थेंब जन्माला घालून मारत बसू नका. कॅमेऱ्याभोवती २० मीटरची पेटी करा, खालून बाहेर पडलेला थेंब वरून आत आणा. दहा-बारा हजार पुरतात. खर्च थेंबांच्या संख्येचा कमी आणि एकावर एक येणाऱ्या पारदर्शक पिक्सेलचा जास्त असतो, म्हणून कॅमेऱ्याच्या अगदी जवळचे रुंद थेंब आधी काढा. ६० फ्रेमच्या हिशेबात एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यातले तीन मी हवामानाला देते आणि त्या तिनातलं अर्धं ढग आणि धुकं खातं. व्हीआरमध्ये ९० फ्रेम म्हणजे जेमतेम ११.१. तिथे स्क्रीनवर चिकटवलेला पावसाचा थर अजिबात चालत नाही. दोन्ही डोळ्यांना तो एकाच अंतरावर दिसतो आणि माणसाला चष्म्यावर ओरखडे पडल्यासारखं वाटतं.

बर्फासाठी हेच सगळं, फक्त वेग सेकंदाला मीटरभर. म्हणजे पडण्याचं काम नाममात्र आणि वाऱ्याचं सगळं. भोवऱ्यांसाठी कर्ल नॉइज (गोल फिरत वाहणारा नॉइज) घ्या. साचवताना वर पाहणारे पृष्ठभाग आणि तोच आडोशाचा नकाशा.

वीज पडली की गडगडाट ३४३ मीटर प्रति सेकंद वेगाने येतो, किलोमीटरला सुमारे तीन सेकंद. उशीर द्याच, आणि जितकी लांब वीज तितका आवाज घुमा करा. एका विजेत अनेकदा तीन-चार झोत असतात, अक्षरशः पापणी लवायच्या आत. पण ते हुबेहूब करू नका. सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट काहींना फेफरं आणू शकतात. एकच झोत द्या आणि तो थोडा थरथरत विझू द्या, तोही ढगाच्या पोटातून, अख्खी स्क्रीन पांढरी करून नव्हे.

इंद्रधनुष्याचा मोह झालाच तर सूर्य पाठीमागे हवा आणि कमान सूर्याच्या बरोबर समोरच्या बिंदूभोवती ४२ अंशांवर. सूर्य ४२ अंशांच्या वर असेल तर जमिनीवरून धनुष्य दिसत नाही. सूर्य आणि धनुष्य शेजारी-शेजारी ठेवलेली किती दृश्यं मी पाहिली असतील!

तपासणी

काम झालं की थेंबांचे पार्टिकल बंद करा आणि ज्याने हे आधी पाहिलेलं नाही अशा कुणाला तरी विचारा, बाहेर काय चाललंय? "पाऊस" असं उत्तर आलं तर थेंब परत चालू करा. नाही आलं तर थेंब वाढवून उपयोग नाही, उजेडाकडे आणि जमिनीकडे परत जा.

आवाजासाठी डोळे मिटून हाच प्रयोग करा. पत्र्यावरचा, पानांवरचा आणि डांबरावरचा पाऊस वेगवेगळा ऐकू यायला हवा, आणि गाडीच्या आत बसल्यावर टपाचा आवाज बाकी सगळ्यांवर मात करायला हवा.

पाऊस सुरू होण्याचा क्रमही बांधून घ्या. आधी ढगाची सावली येते, मग वारा पडतो, मग एकदम गार झोत आणि धूळ, मग चार-दोन टपोरे थेंब, रस्त्यावर सुटे काळे ठिपके, आणि मग सर. हे सगळं मी दीड मिनिटात बसवलंय. ठिपक्यांसाठी ओलाव्याच्या पहिल्या पायरीला एक ठिपक्यांचं टेक्श्चर लावलं की झालं.

चार महिन्यांनी काका परत आले. मी काही सांगितलं नाही, नुसती गाडी चालू करून दिली. ढगाची सावली बॉनेटवरून सरकली, कडेच्या झाडांची पानं उलटी झाली, धूळ आडवी गेली. एकही थेंब अजून पडला नव्हता. काकांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उठला आणि हात वायपरच्या दांड्याकडे गेला.

मग सर आली, वायपर फिरू लागला, आणि ते म्हणाले, "ताई, वायपरचा आवाज कोरड्या काचेचा आहे."